उद्याची मॅच कोण जिंकणार?



गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. रविवारची मराठी मिस्सा संपली आणि नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या खोलीत दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग भरला. विषय बाप्तिस्म्याचा होता. मी सांगत होतो, की बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्याला पवित्र तेल लावतात तेव्हा आपल्याला ख्रिस्ताच्या तीन कामांत वाटा मिळतो. तो याजक, तो संदेष्टा, तो राजा. म्हणून बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण आपापल्या परीने याजक, संदेष्टा आणि राजा असतो.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, म्हणजे मीपण संदेष्टा?"

"होय की."

"मग उद्याची मॅच कोण जिंकणार सांगू काय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. फळ्याजवळच्या बाकावरचा एकच मुलगा हसला नाही, तो वहीच्या कोपऱ्यावर पेन फिरवत खाली बघत राहिला. त्याचं कारण मला माहीत होतं, पण ते पुढे सांगतो. हसणं थांबल्यावर मी "संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे, देवाच्या वतीने बोलणारा" हे ठरलेलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या धड्याकडे वळलो. वाक्य बरोबरच होतं. पण मुलाच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, हे मला त्या वेळी कळलं नाही.

त्याच संध्याकाळी, बंगळुरूला नोकरी करणारी माझी भाची घरी आली होती. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मामा, एक पिक्चर दाखवते. तुमच्याच खात्यातला आहे." लॅपटॉप टेबलावर ठेवला, आणि बायको, मी, भाची असे तिघे बसलो.

चित्रपटाचं नाव 'प्रॉफेटेस', म्हणजे संदेष्ट्री. नायजेरियातला आहे, २०२१ च्या ईस्टरच्या सुमारास तिथल्या चित्रपटगृहांत आला. दिग्दर्शक नियी अकिन्मोलायन, आणि मुख्य भूमिकेत टोयिन अब्राहम ही तिथली फार लोकप्रिय अभिनेत्री. अजोके नावाची वस्तीतली एक लहानशी संदेष्ट्री. तिचं नाव झालेलं आहे ते फुटबॉलच्या निकालांमुळे. अमुक संघ जिंकेल, तमुक हरेल, असं ती सांगते. कधी बरोबर येतं, कधी साफ चुकतं. मग एक दिवस तिचं असंच एक भाकीत फोनवरून फोनवर फिरत सगळ्या देशात पोहोचतं, आणि बघता बघता तिच्या एका शब्दावर कोट्यवधी नायरा पणाला लागतात. पुढचं सांगत नाही. ज्यांना बघायचा असेल त्यांची मजा जाईल.

आम्ही पोट धरून हसलो. बायकोला तर ठसका लागला. टोयिन अब्राहम नुसती डोळे वटारून बघते तरी हसू येतं. भाषा पूर्ण कळत नव्हती, पण माणसं ओळखीची होती. संदेष्ट्रीपुढे हात जोडणारा, तिची टिंगल करणारा, टिंगल करता करता हळूच "पण ह्या वेळी कोण?" असं विचारणारा, अशी सगळी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिलेली आहेत.

आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना मटक्याचे दिवस आठवत असतील. मी लहान असताना आमच्या चाळीत एक काका रोज सकाळी सगळ्यांना स्वप्नं विचारत फिरायचे. कोणाला साप दिसला, कोणाला लग्न दिसलं, कोणाला मेलेली आजी दिसली. त्यावरून ते आकडा काढायचे. कुठे एखादा साधू आला की त्याच्याकडे जायचे, आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे प्रार्थना करणारे कोणी आले तरी जायचे. साधूने तीन बोटं वर केली तर तिऱ्या, पाच केली तर पंजा. तो बिचारा कदाचित आशीर्वाद देत असेल. काकांना देवाकडून बाकी काही नको होतं, फक्त आकडा हवा होता.

आता आपण हसतो. पण पवित्र शास्त्रातही असे लोक आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा नववा अध्याय काढून बघा. शौलाच्या बापाची गाढवं हरवली. तरुण शौल आणि त्याचा गडी शोधून शोधून दमले, आणि गडी म्हणाला, या गावात देवाचा माणूस आहे, त्याला विचारू. मग प्रश्न पडला, द्यायचं काय? गड्याकडे पाव शेकेल चांदी होती. अशा तऱ्हेने इस्राएलचा पहिला राजा संदेष्ट्याच्या दारात आला तो गाढवांचा पत्ता विचारायला. शमुवेलाने एका वाक्यात सांगून टाकलं, गाढवं सापडली, त्यांची चिंता सोड. आणि मग जे सांगायचं होतं ते सांगितलं, जे शौलाने विचारलेलंच नव्हतं. आपण सगळे गाढवांसाठीच जातो. देवाला दुसरंच काही बोलायचं असतं.

या चित्रपटाबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. नायजेरियात संदेष्टा हा शब्द पुस्तकात राहिलेला नाही, तो रोजच्या जगण्यातला आहे. तिथल्या योरुबा लोकांमध्ये 'अलादुरा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्या आहेत. अलादुरा म्हणजे प्रार्थना करणारे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत औषधं कमी पडली तेव्हा लोक प्रार्थनेसाठी एकत्र आले, त्यातून ही चळवळ वाढली. त्यांतली चेरुबिम अँड सेराफिम ही मंडळी १९२५ साली सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्या दोघांत एक अगदी तरुण मुलगी होती. अशा ठिकाणी बाई उभी राहून देवाच्या नावाने बोलते यात कोणाला नवल वाटत नाही. तेव्हा हसायचं ते त्यांच्या श्रद्धेला नव्हे. फुटबॉल, सट्टा आणि देवाचं नाव ही तिन्ही एका टोपलीत घातली की काय होतं, त्याला हसायचं. आणि ती टोपली आपल्याकडेही आहे. फक्त आपल्याकडे फुटबॉलच्या जागी बहुतेक वेळा क्रिकेट असतं.

आता त्या न हसलेल्या मुलाचं सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही, आणि त्याची परवानगी घेऊनच लिहितो आहे. उन्हाळ्यात, क्रिकेटच्या दिवसांत, त्याच्या फोनवर एका अनोळखी ग्रुपवरून मेसेज आला. वर जोडलेल्या हातांचं चित्र, खाली "आज हा संघ जिंकणार". जिंकला. दुसऱ्या दिवशी परत, परत बरोबर. चार दिवस चारही निकाल बरोबर. पाचव्या दिवशी पुढच्या निकालासाठी पैसे मागितले. पोराने शिकवणीच्या फीचे ४,५०० रुपये आईने डब्यात ठेवले होते ते काढले. थोडे टिपसाठी, बाकीचे मोठ्या मुलाच्या खात्यातून सट्ट्यावर. सगळे गेले. त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. मी पोराला पाप, प्रलोभन आणि आज्ञाधारकपणा यांवर अर्धा तास सुनावलं. तो एकच वाक्य बोलला होता. "पण सर, चार वेळा बरोबर आलं होतं ओ."

त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चित्रपट बघितल्यावर त्या रात्री ते शोधायला बसलो.

पुढच्या रविवारी वर्गात सोळा मुलं होती. मी घरून सोळा चिठ्ठ्या करून नेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर चार वेळा नाणं उडवल्यावर काय पडेल याचं भाकीत होतं. छापा, छापा, काटा, छापा, असं काहीतरी. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "प्रत्येकाने आपली चिठ्ठी लपवून धरा. मी नाणं उडवतो. ज्याचं चुकेल त्याने खाली बसायचं."

पहिल्या वेळी आठ जण खाली बसले. दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या वेळी दोघं. दोनच उभे होते, एक मुलगा, एक मुलगी. चौथ्यांदा नाणं उडवलं, काटा पडला. मुलगी उभी राहिली. तिच्या चिठ्ठीवरचे चारही निकाल बरोबर. खोलीत एकदम शांतता. मी तिला विचारलं, "काय वाटतं?"

ती म्हणाली, "सर, अंगावर काटा आला. तुम्हाला आधीच कसं माहीत होतं?"

मग मी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. चार वेळा नाणं उडवलं तर एकूण सोळाच प्रकार होतात, आणि सोळाही प्रकार मी लिहून आणले होते. कोणाचं तरी चारही बरोबर येणारच होतं. मला काहीच माहीत नव्हतं. फोनवरचा तो माणूस हेच करतो, फक्त सोळांच्या जागी हजारो लोक असतात. अर्ध्यांना एक संघ सांगायचा, अर्ध्यांना दुसरा. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं, बरोबर आलेल्यांचे परत दोन भाग करायचे. शेवटी जे थोडे उरतात त्यांना वाटतं, हा माणूस कधी चुकत नाही. सोडून दिलेले हजारो लोक त्यांना दिसतच नाहीत.

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला जर्मनीचा तो पॉल नावाचा ऑक्टोपस आठवतो का? ओबरहाउजेनच्या मत्स्यालयात त्याच्यासमोर दोन झेंड्यांच्या पेट्या ठेवायचे, ज्या पेटीतलं खाणं तो उचलेल तो संघ जिंकणार. जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, आठच्या आठ बरोबर. जगभर त्याचं नाव झालं. पण २००८ च्या युरो स्पर्धेत त्याचे सहापैकी दोन निकाल चुकले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि त्या वर्षी जगात किती पोपट, किती मांजरं, किती बाबा निकाल सांगत होते आणि चुकत होते, त्यांची बातमी कोणी छापली? आठ वेळा नाणं बरोबर ओळखण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगात २५६ पेक्षा जास्त भाकितं करणारे नेहमीच असतात.

न हसणारा मुलगा चिठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "सर, चारही चुकलेली चिठ्ठी कोणाची?"

ती त्याचीच होती. योगायोग बघा. वर्ग हसला, आणि या वेळी तोही हसला. त्या वर्गात मला मिळालेलं सगळ्यात मोठं समाधान ते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण कायदा दुकान बंद करतो. "चार वेळा बरोबर आलं होतं" हे मनातलं वाक्य कायद्याने जात नाही.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. खोट्या संदेष्ट्याची ओळख काय, असं विचारलं तर आपण म्हणतो, त्याचं बोलणं खरं ठरत नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात ही कसोटी दिलेलीच आहे. पण त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय त्याच्याही पुढे जातो. एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं, तरीसुद्धा तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे भाकीत खरं ठरणं पुरेसं नाही. तो तुम्हाला कुणाकडे नेतो, हे विचारायचं. पैशाकडे नेतो की देवाकडे? आणि मीखा संदेष्ट्याने तिसरी कसोटी दिली. पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्या आणि वर परमेश्वर आपल्यामध्ये आहे म्हणणाऱ्या लोकांवर तो तिसऱ्या अध्यायात तुटून पडतो. अलीशाने नामानाकडून एक दमडी घेतली नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मागे धावून घेऊन आला त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

प्रेषितांच्या कृत्यांतला सोळावा अध्याय तर जणू या चित्रपटाची जुनी आवृत्ती आहे. फिलिप्पै शहरात एक दासी होती. ती भविष्य सांगायची आणि तिच्या मालकांना त्यातून भरपूर कमाई व्हायची. ती पौल आणि सीला यांच्या मागे फिरत ओरडायची, की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तुम्हाला तारणाचा मार्ग सांगतात. लक्षात घ्या, ती जे बोलत होती ते अगदी खरं होतं! तरी पौलाने तिच्यातल्या आत्म्याला निघून जायला सांगितलं. मालकांनी बघितलं की धंदा बुडाला, आणि त्यांनी पौल-सीलांना फरफटत बाजारात नेलं, फटके मारवले, तुरुंगात टाकलं. पुढे भूकंप होतो, तुरुंगाचा अधिकारी विश्वास ठेवतो, आपण त्याचा धडा मुलांना दरवर्षी शिकवतो. पण त्या पोरीचं पुढे काय झालं, हे लूक लिहीत नाही. मीही इतकी वर्षं शिकवताना कधी विचारलं नव्हतं. चित्रपट बघताना मला वारंवार तीच आठवत होती. जिच्या तोंडातून शब्द निघतो ती एक बाई, आणि त्या शब्दावर पैसे मोजणारे बाकीचे सगळे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा एक बरा धडा झाला असता. पण मला त्या रात्री झोप आली नाही, ती त्या मुलामुळेही नाही आणि अजोकेमुळेही नाही.

दोन वर्षांपूर्वी, आगमनकाळात, आमच्या धर्मग्रामातल्या एका बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मी प्रार्थनागटाबरोबर भेटायला जायचो. एका संध्याकाळी प्रार्थना फार छान झाली. सगळ्यांचे डोळे पाणावले होते. बाहेर व्हरांड्यात अण्णांचा हात धरून मी म्हणालो, "अण्णा, काळजी करू नका. नाताळची मिस्सा वहिनी आपल्याबरोबर बसून ऐकणार. प्रभूने मला आत्ताच सांगितलंय."

प्रभूने मला काहीही सांगितलेलं नव्हतं. मला त्या क्षणी तसं वाटत होतं, एवढंच. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता, आणि त्यावर काहीतरी ठेवायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. म्हणून मी देवाचं नाव ठेवलं.

वहिनी १९ डिसेंबरला गेल्या.

मातीनंतर अण्णांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी नक्की कोण बोललं?"

मी म्हणालो, "अण्णा, देवाची योजना आपल्याला कळत नाही." तेव्हाही ते वाक्य माझ्या तोंडात मातीसारखं लागलं होतं. नंतर दुसऱ्यांकडून कळलं. त्यांची मुलगी पुण्याला असते. ती रजा टाकून निघणार होती, तेव्हा अण्णांनीच तिला फोनवर थांबवलं होतं. आत्ताच सगळी रजा संपवू नकोस, मास्तरांनी सांगितलंय, नाताळला आई घरी असेल, तेव्हाच ये. ती थांबली. चार दिवसांनी आली तेव्हा आई बोलत नव्हती.

अण्णा मिस्साला यायचे थांबले नाहीत. पण मराठी मिस्सा सोडून सकाळच्या इंग्रजी मिस्साला जाऊ लागले. त्यांना इंग्रजी फारशी येत नाही. मी दोन वर्षं ते बघत होतो, आणि स्वतःला सांगत होतो की दुःख आहे, वेळ लागतो.

आता सांगा, त्या हसवणाऱ्या चित्रपटातली अजोके आणि मी, यांत फरक काय? तिने सामन्याचा निकाल सांगितला, मी दवाखान्याचा. तिच्या शब्दावर लोकांनी पैसे लावले. माझ्या शब्दावर एका मुलीने आईबरोबरचे शेवटचे चार दिवस लावले. मी एक रुपया घेतला नव्हता, हे खरं. पण त्या संध्याकाळी व्हरांड्यात सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मला आवडली होती. तोही एक मोबदलाच असतो.

यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय मी दुसऱ्या दिवशी काढला. हनन्या संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल, बाबेलचं जू मोडेल. किती गोड बातमी! यिर्मया ते ऐकून प्रथम काय म्हणतो? आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं. पण हवं असणं वेगळं आणि देवाने सांगितलेलं असणं वेगळं, हे त्याला ठाऊक होतं. हनन्या दुष्ट माणूस असेल असं मला आता वाटत नाही. तोही कदाचित लोकांचे चेहरे बघून बोलला असेल. पण लोक त्याच्या बोलण्यावर विसंबले, आणि ते बोलणं देवाचं नव्हतं.

चिठ्ठ्यांच्या वर्गानंतरच्या बुधवारी मी अण्णांकडे गेलो. ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. "या मास्तर," म्हणाले, जणू मी रोज येतो. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला की मी विषय बदलला असता, हे मी मला ओळखतो. उभ्यानेच म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मीच बोललो होतो. प्रभू बोलला नव्हता. मी त्याचं नाव घेऊन माझं बोललो. मला माफ करा."

ते झारीने पाणी घालत राहिले. एक कुंडी झाली, दुसरी झाली. मग म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं ओ. तुम्ही सांगायची वाट बघत होतो." आणि थोड्या वेळाने, "माझं जाऊ द्या. पोरीला सांगा."

ते जास्त अवघड होतं. फोन लावायला मला शनिवार उजाडला. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी म्हणाली, "काका, ते चार दिवस काही परत येत नाहीत. पण बाबांवर माझा राग होता. ते मला थांबवायला नको होते, असं वाटायचं. आता निदान कळलं." मग तिला कोणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. अण्णा अजून इंग्रजी मिस्सालाच जातात. मी या गोष्टीचा शेवट गोड करून सांगणार नाही. गोड शेवट सांगण्याच्या सवयीनेच तर हे झालं.

हे सगळं इथे लिहिण्याआधी मी त्या दोघांना विचारलं. अण्णा म्हणाले, "लिहा. प्रार्थनागटातल्या बाकीच्यांनाही कळू दे."

प्रियजनहो, आपण आजाऱ्यांना भेटायला जातो, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवतो, नोकरी गेलेल्या माणसाला धीर देतो. त्या वेळी तोंडाशी किती सहज येतं, "प्रभू म्हणतो, सगळं चांगलं होईल." माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, प्रभूने जे सांगितलं आहे तेवढंच सांगू या. तो आपल्याला टाकणार नाही, हे त्याने सांगितलं आहे. तो रडणाऱ्यांबरोबर रडला, हे शुभवर्तमानात लिहिलं आहे. मंगळवारी ताप उतरेल, हे त्याने सांगितलेलं नाही. "मी प्रार्थना करतो, आणि मी उद्या परत येतो," एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. आणि खरंच उद्या परत जायचं. जे भाकीत आपण स्वतः पाळू शकतो, तेवढं एकच करायचं.

आणि मागच्या बाकावरच्या माझ्या संदेष्ट्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते मी मागच्या रविवारी दिलं. लूकच्या शुभवर्तमानात एक संदेष्ट्री आहे, हन्ना. म्हातारी विधवा. रात्रंदिवस मंदिरात उपवास आणि प्रार्थना करत राहायची. तिने कोणता निकाल सांगितला? एकही नाही. एक दिवस एक गरीब जोडपं कबुतरांची जोडी अर्पण करायला बाळ घेऊन आलं. मंदिरात तशी किती बाळं येत असतील. तिने मात्र त्या बाळाला ओळखलं, देवाचे आभार मानले, आणि वाट बघणाऱ्या लोकांना त्याच्याबद्दल सांगत राहिली. उद्या काय होणार हे तिने सांगितलं नाही. आज कोण समोर आलं आहे, हे तिने सांगितलं.

"म्हणजे मॅचचं कळणार नाही तर," मागचा बाक म्हणाला.

"नाही बाबा. मॅच खेळायची नाहीतर बघायची. हरलो तर परत यायचं."

या आठवड्यात आपल्या कोणाला कधी आपण देवाच्या नावाने काय वचन देऊन बसलो आहोत, ते शांत बसून आठवून बघा. कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तर त्याच्या घरी जाऊन या. चहा नंतर घ्या.

हे प्रभू, आमच्या तोंडाला राखण ठेव. तू बोलला नाहीस तिथे तुझं नाव घेण्यापासून आम्हाला आवर. आमच्या शब्दांमुळे ज्यांचे दिवस हरवले त्यांना तू सांभाळ. आणि आमच्याजवळ सांगायला काही नसेल, तेव्हा नुसतं शेजारी बसून राहायचं बळ दे. आमेन.